‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’मधील दुय्यम मल्ल : एका व्यावसायिक कुस्तीगटाच्या इतिहासाचा उपेक्षित भाग

कोणत्याही गटाचा इतिहास संस्थापकांपासून सुरू होतो आणि बहुधा त्यांच्यापाशीच संपतो. गटाची संख्या कोणी भरली, त्याच्या नावावर जमा झालेले पराभव कोणाच्या वाट्याला आले, हे प्रश्न मागे राहतात. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत १९९६ साली उदयास आलेला ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा गट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हल्क होगन, स्कॉट हॉल व केव्हिन नॅश ही त्याची तीन नावे सर्वतोमुखी आहेत. वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट या कंपनीने आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये या गटाचा समावेश केला, तो समारंभ साथीमुळे लांबून एप्रिल २०२१ मध्ये झाला, त्या वेळी या तिघांच्या जोडीला शॉन वॉल्टमन हे एकच नाव घेण्यात आले. काळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत गटाचे नाव छापलेला टी-शर्ट घालून प्रत्यक्ष रिंगणात उतरलेल्यांची संख्या याच्या कितीतरी पट होती. या उरलेल्यांचे काम कोणते होते आणि ते विस्मरणात का गेले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

विषयात शिरण्यापूर्वी या व्यवसायाचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. अमेरिकन व्यावसायिक कुस्तीत निकाल अगोदर ठरलेला असतो. ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीने स्वतःच ती मान्य केली, कारण क्रीडास्पर्धांना लागू असलेल्या सरकारी नियंत्रणातून तिला सुटका हवी होती. आपल्याकडे ज्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणून नावे ठेवली जातात, ती तेथे उघड नियम होय. तथापि एवढ्यावरून तो सारा प्रकार खोटा ठरवून बाजूला सारणे घाईचे होईल. आदळणारे शरीर खरे असते, मानेची दुखापत खरी असते, करारपत्र तर सर्वांत खरे. किंबहुना निकाल ठरलेला असल्यामुळेच अभ्यासकाच्या हाती एक वेगळा पुरावा येतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कोण हरला यावरून त्या दिवशीच्या ताकदीचा व डावांचा अंदाज येतो. अटलांटाच्या कंपनीत कोण हरला यावरून त्याचे त्या कंपनीतील स्थान कळते. तेथे जोड लावणारा, ज्याला त्या व्यवसायात ‘बुकर’ म्हणतात, तो हारही वाटून देतो आणि जीतही. आणि ही वाटणी तटस्थ असत नाही.

गटाच्या जन्माची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. टेड टर्नर याच्या प्रसारण कंपनीने १९८८ साली जिम क्रॉकेट यांचा कुस्तीचा व्यवसाय विकत घेतला व त्यातून वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यू, ही अटलांटास्थित कंपनी उभी राहिली. व्हिन्स मॅकमॅहन याची वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन ही तिची प्रतिस्पर्धी. ४ सप्टेंबर १९९५ पासून डब्ल्यूसीडब्ल्यूचा ‘मंडे नायट्रो’ हा कार्यक्रम मॅकमॅहनच्या सोमवारच्याच कार्यक्रमासमोर दाखविला जाऊ लागला. टर्नरकडे पैसा होता, आणि ठरावीक रकमेची हमी देणाऱ्या करारांच्या बळावर एरिक बिशॉफ याने प्रतिस्पर्ध्याचे नामांकित मल्ल ओढून घेतले. २७ मे १९९६ रोजी जॉर्जियातील मेकन येथे स्कॉट हॉल प्रेक्षकांतून चालत रिंगणात आला. जूनमध्ये नॅश आला. आणि ७ जुलै रोजी फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे, बारा वर्षे लहान मुलांचा नायक म्हणून मिरवलेला होगन त्यांना जाऊन मिळाला. प्रतिस्पर्धी कंपनीने धाड घातली आहे असा आभास निर्माण करणे हे या कथेचे मर्म होते, आणि तो आभास इतका साधला की मॅकमॅहनच्या कंपनीने त्याच वर्षी न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याची तडजोड होण्यास २००० साल उजाडले. दरम्यान जून १९९६ पासून एप्रिल १९९८ पर्यंत सुमारे ८३ आठवडे ‘नायट्रो’ने प्रेक्षकसंख्येत प्रतिस्पर्ध्याला सलग मागे टाकले.

परंतु तीन माणसांची धाड होत नाही. आक्रमणाची कथा सांगावयाची तर फौज दिसली पाहिजे, आणि ती दर आठवड्याला वाढताना दिसली पाहिजे. ऑगस्ट १९९६ मध्ये टेड डीबियासी प्रेक्षकांत बसून चार बोटे वर करताना दाखविला गेला, तो चौथा. दुखापतीमुळे त्याची रिंगणातील कारकीर्द १९९३ सालीच संपली होती. गटाला पैसा पुरविणारा धनिक ही भूमिका त्याला देण्यात आली. ‘द जायंट’ या नावाने वावरणारा धिप्पाड पॉल वाइट पाचवा. वॉल्टमन सहावा, आणि म्हणूनच त्याचे नाव ‘सिक्स’ ठेवण्यात आले. प्रतिस्पर्ध्याकडे तो ‘वन-टू-थ्री किड’ होता, त्या तीन अंकांची बेरीजही सहाच भरते. माणसाला संख्येवरून नाव देण्याची ही रीत विनोदी वाटली तरी तीत गटाचे अंतरंग उघडे पडते. मोजणी सहापर्यंत टिकली. त्यानंतर मात्र येणाऱ्याचा क्रमांक सांगण्याचे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

फौज वाढविण्याचे दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. होगनच्या करारात स्वतःच्या लढतींच्या मांडणीवर त्याला अधिकार देणारे कलम होते. हॉल व नॅश यांच्याकडे हमीचे करार होते, आणि कथेच्या दृष्टीने त्यांचा पराभव लवकर परवडणारा नव्हता. उलट डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निष्ठावंत मल्लांना अधूनमधून जिंकविणे भाग होते, नाही तर प्रेक्षकांचा धीर सुटला असता. म्हणजे गटाच्या अंगावर काळा शर्ट असलेला, तरीही ज्याच्या हरण्याने गटाचे काहीच बिघडत नाही, असा कोणी तरी हवा होता. दुय्यम सदस्यांची मुख्य सेवा ही होय. ते पडत होते म्हणून वरचे उभे राहू शकत होते. या व्यवसायात मल्लांची कामगार संघटना नव्हती. १९८६ साली जेसी व्हेन्चुरा याने तसा विचार मांडला होता, तो वाऱ्यावर विरला. ज्याच्या करारात कलम नाही त्याने सांगितलेला निकाल स्वीकारावा, इतकाच मार्ग होता.

या वर्गाचा प्रातिनिधिक मल्ल म्हणून व्हिन्सेंट याचे नाव घ्यावे लागेल. त्याचे खरे नाव मायकेल जोन्स. १९८७ साली मॅकमॅहनच्या कंपनीत ‘लक्षाधीश’ डीबियासीचा कृष्णवर्णीय सेवक म्हणून तो प्रथम लोकांसमोर आला, तेव्हा त्याचे नाव होते व्हर्जिल. हे नाव सहज ठेवलेले नव्हते. डब्ल्यूसीडब्ल्यूची पूर्वपीठिका असलेल्या क्रॉकेट यांच्या कंपनीत डस्टी ऱ्होड्स हा बुकर होता आणि त्याचे खरे नाव व्हर्जिल रनेल्स. त्याला चिमटा काढण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या सेवकाला ते देण्यात आले, असे त्या व्यवसायात सर्वत्र सांगितले जाते. १९९१ साली या सेवकाने मालकाविरुद्ध बंड केले. लॉस एंजेलिस येथील ‘रेसलमेनिया’त त्याने डीबियासीवर विजय मिळविला आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा रत्नखचित पट्टाही जिंकला. त्या रात्री प्रेक्षकांनी केलेला जयघोष हा जोन्सच्या कारकिर्दीचा कळस होय. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९९६ मध्ये, तो न्यू वर्ल्ड ऑर्डरमध्ये आला. डीबियासी तेथे अगोदरच होता, म्हणजे बंड करून सुटलेला सेवक पुन्हा त्याच मालकाच्या पंगतीला येऊन बसला. आता त्याचे नाव व्हिन्सेंट झाले, कारण या खेपेस चिमटा मॅकमॅहनला काढावयाचा होता. गटाचा ‘सुरक्षाप्रमुख’ असे भारदस्त पद त्याला मिळाले, परंतु त्याचे प्रत्यक्ष काम होते ते मार खाण्याचे.

एका माणसाच्या दोन नावांत दोन कंपन्यांचे वैर नोंदले जावे आणि त्या माणसाचे स्वतःचे त्यात काहीच नसावे, ही घटना विचार करण्यासारखी आहे. गोऱ्या मालकाच्या मागे पैशाची थैली घेऊन उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय सेवकाचे चित्र अमेरिकन प्रेक्षकाला कोणत्या जुन्या आठवणीवर हसवीत होते, हे वेगळे सांगावयास नको. योगायोग असा की जानेवारी १९९८ मध्ये डस्टी ऱ्होड्स स्वतःच न्यू वर्ल्ड ऑर्डरमध्ये सामील झाला. ज्याच्या नावाची थट्टा म्हणून व्हर्जिल जन्मास आला तो मूळ व्हर्जिल आणि हा बदललेला व्हर्जिल एकाच रंगाच्या शर्टात उभे राहिले. दूरचित्रवाणीवर याचा कोणी उपयोग करून घेतला नाही.

गटाच्या सर्वांत यशस्वी कथानकाचा उगमही एका विस्मृत सदस्यात आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूचा लाडका मल्ल स्टिंग हा गटात सामील झाला आहे असे भासविण्यासाठी त्याच्यासारखाच चेहरा रंगविलेला एक तोतया उभा करण्यात आला. हा जेफ फार्मर. त्याआधी ‘कोब्रा’ या नावाने तो त्याच कंपनीत लढला होता, पण ती ओळख कोणाच्या ध्यानात नव्हती, आणि तोतयेगिरीस हीच गोष्ट सोयीची ठरली. पेशव्यांच्या काळातील तोतयांचे प्रकरण ज्यांना परिचित आहे, त्यांना तोतयाचे सामर्थ्य नव्याने सांगण्याची गरज नाही: तो पटला नाही तरी संशय मागे ठेवतो. सहकाऱ्यांनी अविश्वास दाखविला म्हणून खरा स्टिंग रागाने दूर गेला, त्याने भडक रंग टाकून पांढरा-काळा चेहरा धारण केला, आणि वर्षभराहून अधिक काळ एकही लढत न देता सभागृहांच्या छपराशी उभा राहून तो गटाकडे पाहत राहिला. हे मौन २८ डिसेंबर १९९७ रोजी वॉशिंग्टन येथील ‘स्टारकेड’मध्ये होगनविरुद्धच्या लढतीने संपावयाचे होते. पैसे भरून घरी पाहण्याच्या कार्यक्रमांपैकी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या इतिहासात सर्वाधिक विकला गेला तो हाच. त्याच्या मुळाशी फार्मरची आठवडाभराची करामत होती. परंतु स्टिंगने चेहरा बदलताच जुन्या रंगातला तोतया अमेरिकेत निरुपयोगी ठरला.

त्याच लढतीत आणखी एक दुय्यम व्यक्ती निर्णायक ठरली. निक पॅट्रिक हा मल्ल नव्हता, पंच होता. जोडी हॅमिल्टन या जुन्या मल्लाचा मुलगा. १९९६ च्या शरदात तो गटाच्या बाजूने पक्षपाती निकाल देऊ लागला आणि गटाचा पंच अशी त्याची ओळख झाली. पंचच विकला गेल्यावर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न त्याच्यामुळे प्रेक्षकांपुढे उभा राहिला, आणि आक्रमणाच्या कथेला त्याने जेवढी धार आणली तेवढी अनेक बलदंड सदस्यांना आणता आली नाही. ‘स्टारकेड’च्या रात्री स्टिंगचे खांदे जमिनीला टेकलेले असताना पॅट्रिकने घाईघाईने मोजून होगनला विजयी करावयाचे, मग ब्रेट हार्टने येऊन हा अन्याय थांबवावयाचा, असा बेत कथेच्या ओघावरून दिसतो. प्रत्यक्षात मोजणी नेहमीच्याच गतीने झाली. हार्टची तक्रार निराधार ठरली, स्टिंगचा विजय फिका पडला. दोष कोणाचा याविषयी संबंधितांनी नंतर परस्परविरोधी हकिकती सांगितल्या आहेत. वर्षभराची उभारणी पंचाच्या तीन थापांवर अवलंबून होती, एवढे मात्र निर्विवाद.

दरम्यान गटाची भरती चालूच होती. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी बिशॉफ तोवर गुप्तपणे गटाचा असल्याचे उघड झाले, आणि त्याने डब्ल्यूसीडब्ल्यूच्या मल्लांना तीस दिवसांत गटाकडे येण्याचे आवाहन केले. मार्कस बॅगवेल, स्कॉट नॉर्टन, बिग बबा रॉजर्स, वॉलस्ट्रीट व जपानचा मासाहिरो चोनो हे त्या काही आठवड्यांतले. वॉलस्ट्रीट म्हणजे माइक रोटुंडा, मॅकमॅहनकडे करवसुली अधिकाऱ्याचे सोंग घेऊन डीबियासीचा जोडीदार झालेला. बबा म्हणजे रे ट्रेलर, तेथला ‘बिग बॉस मॅन’. या जुन्या पाट्या पुसून नव्या लावताना त्यांना नवी कथा देण्याचे भान कोणी ठेवले नाही.

याचा हिशेब २५ जानेवारी १९९७ रोजी आयोवातील सीडर रॅपिड्स येथे चुकवावा लागला. ‘सोल्ड आउट’ हा कार्यक्रम केवळ न्यू वर्ल्ड ऑर्डरच्या नावाने भरविण्यात आला. समालोचन बिशॉफ व डीबियासी यांचे, सर्व लढतींचा पंच निक पॅट्रिक, आणि आठांपैकी पहिल्या पाच लढतींचा भार चोनो, बबा, वॉलस्ट्रीट, बॅगवेल व नॉर्टन यांच्यावर. कार्यक्रम फसला. त्याचा दोष दुय्यम मल्लांच्या कौशल्याला देणे अन्यायाचे होईल. चोनो तर त्या काळच्या जगातील श्रेष्ठ मल्लांपैकी एक होता. दोष मांडणीत होता. आक्रमकाला आक्रमण करण्यासाठी परके घर लागते, आणि येथे घर त्याचेच होते. शिवाय तोवर ज्यांना केवळ गर्दी म्हणून वागविले, त्यांच्यासाठी प्रेक्षकाने एका रात्रीत पैसे मोजावेत ही अपेक्षाच चुकीची होती. पुढील वर्षी याच नावाचा कार्यक्रम दोन्ही संस्थांच्या संयुक्त नावाने झाला.

हीच माणसे पॅसिफिक महासागराच्या पलीकडे गेली की त्यांची किंमत बदलत असे. अंतोनियो इनोकी याने १९७२ साली स्थापन केलेल्या न्यू जपान प्रो-रेसलिंगशी डब्ल्यूसीडब्ल्यूचे सहकार्य होते. आक्रमक गटाची मूळ कल्पनाही बिशॉफला न्यू जपान व यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल या दोन जपानी संस्थांच्या १९९५ सालच्या झुंजीवरून सुचली. १९९७ च्या प्रारंभी चोनोने हिरोयोशी तेन्झान व हिरो साइतो यांना घेऊन गटाची जपानी शाखा काढली आणि पुढे केइजी मुतो हा नामवंत मल्लही तीत आला. अमेरिकेत चोनो यादीतले एक नाव होता. जपानात तो सेनापती होता. काळ्या-पांढऱ्या शर्टांची तेथे जोरात विक्री झाली. अमेरिकेने टाकून दिलेला तोतया फार्मर हा जपानात ‘एनडब्ल्यूओ स्टिंग’ या नावाने वर्षानुवर्षे लढत राहिला आणि पुढे चोनोच्या ‘टीम २०००’ या गटात ‘सुपर जे’ झाला. तोतयाचे नाव मुळापासून सुटून स्वतंत्रपणे नांदल्याचे असे उदाहरण विरळाच.

स्कॉट नॉर्टनची गोष्ट याहून बोलकी आहे. पंजा लढविण्याच्या स्पर्धांत नावाजलेला आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या १९८७ सालच्या चित्रपटात झळकलेला हा आडव्या बांध्याचा गडी. ऑगस्ट १९९८ मध्ये चोनोने न्यू जपानचे प्रमुख अजिंक्यपद मिळविले, पण मानेच्या दुखापतीने त्याला ते सोडावे लागले. रिक्त पदासाठी २३ सप्टेंबर रोजी योकोहामा येथे नॉर्टनने युजी नागाताला हरविले. त्या पदाचा मान जपानात केवढा आहे हे जाणणाऱ्यास, परदेशी मल्लाच्या हाती ते जाणे ही सामान्य घटना वाटणार नाही. अमेरिकेत त्याच महिन्यांत नॉर्टन होगनच्या मागे उभा राहणाऱ्यांत होता.

त्या वेळी गटाची शकले झाली होती. मे १९९८ पासून होगनचा काळा-पांढरा आणि नॅशचा काळा-लाल असे दोन पक्ष झाले. ४ जानेवारी १९९९ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये होगनने नॅशच्या छातीला बोट लावले, नॅश आडवा झाला, अजिंक्यपद होगनकडे गेले व दोन्ही पक्षांचे पुढारी एक झाले. कुस्तीच्या इतिहासात या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्याचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला. पुढाऱ्यांनी लाल रंग घेतला. काळ्या-पांढऱ्या शर्टात स्टीव्ही रे, व्हिन्सेंट, ब्रायन अ‍ॅडम्स, नॉर्टन आणि होगनचा पुतण्या होरेस हे मागे राहिले. ‘बी-टीम’ हे नाव त्यांना चिकटले व ते थट्टेचा विषय झाले. त्याच तारखेला टोकियो डोममध्ये नॉर्टन मुतोविरुद्ध अजिंक्यपदासाठी लढला व हरला. एका दिवसात एका देशात त्याचे पद गेले ते प्रचंड जनसमुदायासमोर, मानाच्या लढतीत. दुसऱ्या देशात तो उरलेल्यांत जमा झाला, तोही लढतीविना.

या उरलेल्यांचा पुढारी कोण, हे ठरविण्यासाठी १४ मार्च १९९९ रोजी ‘अनसेन्सर्ड’ या कार्यक्रमात स्टीव्ही रे व व्हिन्सेंट यांची लढत झाली. रे जिंकला. ज्या गटाला पुढाऱ्यांनीच सोडले त्याच्या पुढारीपणासाठी झालेली ही झुंज हास्यास्पद ठरवून मोकळे होता येते, आणि तसे बहुतेकांनी केले आहे. पण त्या दोघांनी ती मनापासून लढली, कारण कार्यक्रमपत्रिकेवर नाव असणे म्हणजे काम असणे होते. काही महिन्यांत हा अवशेषही विरून गेला. जोन्सला ‘कर्ली बिल’ व नंतर ‘शेन’ अशी नावे मिळाली. शेन हे मॅकमॅहनच्या मुलाचे नाव. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचे निधन झाले तेव्हा बातम्यांनी त्याला व्हर्जिल म्हणूनच संबोधिले.

डिसेंबर १९९९ मध्ये गटाचे पुनरुज्जीवन झाले, त्यात ‘बी-टीम’मधील कोणासही जागा नव्हती. जपानी शाखा ४ जानेवारी २००० रोजी टोकियो डोममध्ये चोनोने मुतोचा पराभव केल्यावर मोडली. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू मॅकमॅहनला विकली गेली आणि २६ मार्च रोजी ‘नायट्रो’चा अखेरचा प्रयोग झाला. त्याआधी नऊ दिवस, १७ मार्च रोजी, नॉर्टनने केन्सुके सासाकीला हरवून न्यू जपानचे अजिंक्यपद दुसऱ्यांदा मिळविले होते. अटलांटाची कंपनी बंद पडली तेव्हा तो पट्टा त्याच्या कमरेला होता, आणि ९ एप्रिलला काझुयुकी फुजिताने ओसाका येथे जिंकून घेईपर्यंत तो तेथेच राहिला.